चूक किती उशिरा कळते?

वाचकाचं पत्र:

«मी नऊ जणांच्या टीमची लीड आहे. पॅथॉलॉजी लॅबसाठी आम्ही सिस्टिम बांधतोय. नमुना नोंदवायचा, तपासणीच्या मशीनकडून निकाल घ्यायचा, डॉक्टरांनी पडताळला की रिपोर्ट पाठवायचा. लॅबची जुनी सिस्टिम बंद होणार आहे, तिच्यातल्या आठ वर्षांच्या नोंदीही आणायच्या आहेत. सात महिने झाले. दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाच्या फेऱ्या, करतो, रोज स्टँडअपची छोटी बैठक होते, बोर्डावर कामांची कार्डं हलतात. तरी गेल्या महिन्यात पहिल्यांदा खरं मशीन जोडलं आणि तीन स्प्रिंटचं काम पुन्हा करावं लागलं. आमचे आर्किटेक्ट वीस वर्षांचे अनुभवी. ते म्हणतात, आधी सगळं कागदावर पक्कं करायला हवं होतं, हे अजाइल, थोडं थोडं बांधत आणि बदलत जाणं, म्हणजे फॅड आहे. नवे मॅनेजर म्हणतात, आपण पुरेसे अजाइल नाही, स्प्रिंट एका आठवड्याचा करू. करार ठरलेल्या रकमेचा, तारीखही ठरलेली, पाच महिने उरलेत. दोघांपैकी कोणाची बाजू घेऊ? शिवाय मॅनेजर मला स्क्रमचा (अजाइलमधलीच एक पद्धत) दोन दिवसांचा सर्टिफिकेट कोर्स कर म्हणतात. करू का?»

उत्तर:

प्रिय टीम लीड,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडलो. «गेल्या महिन्यात पहिल्यांदा खरं मशीन जोडलं.» म्हणजे सहाव्या महिन्यात. तोवर बारा-तेरा स्प्रिंट झाले, स्टँडअप शंभराच्या वर गेले, आणि ज्या मशीनभोवती अख्खी सिस्टिम फिरते त्याच्याशी एकदाही बोलणं झालं नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

बाजू घेण्याआधी एक आकडा काढा. एखादा निर्णय घेतल्यापासून, तो चुकीचा असेल तर तसं सांगू शकणाऱ्या माणसाशी किंवा यंत्राशी त्याची गाठ पडेपर्यंत किती दिवस जातात? टीमने टीमला दाखवलेला डेमो यात धरायचा नाही, कारण आपलं आपल्याला बरोबरच वाटतं. स्क्रीनच्या बाबतीत तुमचा आकडा बहुधा दहा-पंधरा दिवसांचा असेल. मशीनच्या बाबतीत काही महिन्यांचा निघाला. जुन्या नोंदींचा? त्यांचा उल्लेख पत्रात एकदाच आलाय, तोही «आणायच्या आहेत» असा. म्हणजे तो आकडा अजून चढतोच आहे.

पद्धतींची भांडणं मी बरीच पाहिली, त्यातली काही स्वतः हिरिरीने केलीसुद्धा. आता कुठलीही पद्धत समोर आली की मी तिला एवढं एकच विचारतो, की तुझ्यामुळे चूक किती लवकर कळेल, आणि ती निस्तरायला किती पडेल? पद्धतीचं नाव काय, हे त्यानंतर.

तुमच्या आर्किटेक्टांपासून सुरुवात करू, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्यांच्या पद्धतीचा इतिहास गमतीचा आहे. वॉटरफॉलचं, म्हणजे एक टप्पा पूर्ण करूनच पुढचा घ्यायच्या पद्धतीचं, मूळ म्हणून ज्याचा दाखला देतात तो विन्स्टन रॉइस यांचा १९७० सालचा निबंध. त्यात रिक्वायरमेंट, विश्लेषण, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग अशा एकाखाली एक उतरत्या चौकटी आहेत. पण ‘वॉटरफॉल’ हा शब्द त्या निबंधात कुठेच नाही. शिवाय ती आकृती काढल्यावर रॉइस लगेच बजावतात की हे असंच सरळ राबवणं धोक्याचं आहे, कारण टेस्टिंग शेवटी येतं आणि डिझाइनमधली खोट तेव्हा उघडी पडते. संपूर्ण नवी गोष्ट बांधताय तर आधी एक छोटी आवृत्ती करून पाहा, म्हणजे ग्राहकाच्या हाती जाईल ती दुसरी असेल, असा त्यांचा सल्ला होता. क्लायंटला वाटेत वारंवार सामील करून घ्या, हेही त्यांनीच सांगितलं. लोकांनी आकृती उचलली, सल्ला मागे ठेवला.

का उचलली? कारण ती कराराला सोयीची. टप्पा संपला, सही झाली, हप्ता मिळाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं १९८५ चं सॉफ्टवेअर-मानक याच धाटणीने वाचलं आणि राबवलं गेलं. १९९४ मध्ये त्याच्या जागी दुसरं आलं, पण तोवर सवय पडली होती.

माझ्या सुरुवातीच्या काळातला एक प्रकल्प आठवतो. दोनशे पानांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट, चार अधिकाऱ्यांच्या सह्या. आम्ही अक्षरशः त्याबरहुकूम सिस्टिम बांधली. यूएटीच्या, म्हणजे वापरणाऱ्यांनी करायच्या शेवटच्या चाचणीच्या, दिवशी जी बाई ती रोज आठ तास वापरणार होती तिने पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, «एकाच माणसाचे दोन अर्ज आले तर?» दोनशे पानांत दोन अर्जांची सोय नव्हती. सह्या करणाऱ्या चौघांपैकी कोणीही कधी अर्ज नोंदवला नव्हता. कागद पक्का होता, पण चुकीच्या माणसांनी पक्का केलेला.

आता उलटी गोष्ट. पुढे काही वर्षांनी मी एका चपळ, म्हणजे अजाइल, म्हणवणाऱ्या टीममध्ये होतो. दर आठवड्याला काहीतरी नवं, क्लायंट खूश. पहिल्याच आठवड्यात घाईत कोणीतरी (कोणीतरी म्हणजे मीच) तारखा साध्या मजकुराच्या रूपात साठवल्या. «नंतर बदलू.» दीड वर्षाने त्या तारखांवर चाळीसेक ठिकाणचा कोड उभा होता आणि बदलायला दोन माणसांचे चार महिने गेले. त्या दिवसांत मला एक खवचट आर्किटेक्ट फार उपयोगी पडला असता.

म्हणून तुमच्या आर्किटेक्टांना मोडीत काढू नका. जिथे मागे फिरणं महाग, तिथे ते बरोबर आहेत. पण मशीनच्या प्रसंगात कागदाने वाचवलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. लॅबच्या मशीनांसाठी एचएल७ किंवा एएसटीएमसारखी संदेशांची मानकं असतात खरी. पण प्रत्येक उत्पादक ती आपापल्या सवयीने वापरतो. कोणी ऐच्छिक रकान्यात महत्त्वाची माहिती घालतो, कोणी फेरतपासणीचा निकाल नवा म्हणून पाठवतो. मॅन्युअलमध्ये यातलं निम्मंच असतं. उरलेलं मशीन स्वतः सांगतं, आणि तेही जोडल्यावरच.

मॅनेजरांकडे वळू. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या स्नोबर्डला सतरा जण जमले आणि अजाइलचा जाहीरनामा लिहिला गेला. चार जोड्या आहेत त्यात, आणि प्रत्येकीत डावीकडची गोष्ट उजवीकडच्या गोष्टीपेक्षा मोलाची मानली आहे. चौथी जोडी सगळ्यांना पाठ असते, आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं. खालची ओळ मात्र सभांमध्ये कोणी वाचत नाही. उजवीकडच्या गोष्टींनाही मोल आहे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. आराखडा नको, कागद नको, असं त्या सतरा जणांनी म्हटलेलं नाही.

स्क्रमबद्दलही गैरसमज फार. स्क्रमची अधिकृत मार्गदर्शिका जेमतेम तेरा पानांची आहे, २०२० ची आवृत्ती. स्प्रिंट एक महिन्याचा किंवा त्याहून लहान असावा, एवढंच ती सांगते. स्टोरी पॉइंट (काम केवढं आहे याचा अंदाजी आकडा) हा शब्द तिच्यात सापडत नाही. आणि कोड कसा लिहावा, तपासावा, रोज एकत्र कसा आणावा, यावर ती मुद्दाम गप्प आहे. ती बाजू एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या पद्धतीने सांभाळली. केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रायस्लरच्या पगार-प्रणालीवर काम करताना तिला आकार दिला. आधी टेस्ट लिहा, दोघं मिळून कोड करा, दिवसातून अनेकदा सगळा कोड एकत्र करून चालवा. (तो पगार-प्रकल्प २००० मध्ये बंद करण्यात आला. पद्धतीचे प्रचारक ही गोष्ट हळू आवाजात सांगतात. पण त्या सवयी टिकल्या, आणि मला त्या बाकी सगळ्या सोपस्कारांपेक्षा जास्त कामाच्या वाटतात.)

म्हणून मॅनेजरांना विचारा, स्प्रिंट एका आठवड्याचा केल्याने मशीन एका आठवड्यात जोडलं जाईल का? नसेल, तर प्लॅनिंग, रिव्ह्यू आणि रेट्रो या प्रत्येक स्प्रिंटच्या बैठका दुपटीने होतील, बाकी काही नाही. तुमचं सगळं टेस्टिंग हाताने होत असेल तर आणखी वाईट. एका पूर्ण फेरीला तीन दिवस लागत असतील तर पाच दिवसांच्या स्प्रिंटमध्ये काम करायला उरतात दोन. नाचता येईना अंगण वाकडं, आणि आपण अंगण लहान करतोय.

दोघांनाही बुचकळ्यात टाकणारं एक उदाहरण देतो. गंभीर काम म्हणजे वॉटरफॉल, असं तुमच्या आर्किटेक्टांना वाटत असणार. नासाच्या स्पेस शटलच्या मुख्य उड्डाण-सॉफ्टवेअरपेक्षा गंभीर काय असेल? १९७७ ते १९८० या काळात, एकतीस महिन्यांत, ते सतरा आवर्तनांमध्ये बांधलं गेलं. सरासरी आठ आठवड्यांचं एक आवर्तन. शटलच्या गरजा वाटेत बदलत राहणार हे दिसतच होतं, म्हणून सरळ उतरंड त्यांनी टाळली. तेव्हा अजाइल हा शब्दही कोणी या अर्थाने वापरत नव्हतं. पण याच टीमची कोड तपासण्याची आणि प्रत्येक बदल कागदावर नोंदवण्याची शिस्त इतकी कडक होती की आजची कुठलीही चपळ टीम ती पाहून धसका घेईल. आवर्तनंही होती, कागदही होता.

आणि एक जरा ताजं. एफबीआयची ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही तपास-नोंदींची सिस्टिम २००५ मध्ये सोडून द्यावी लागली, सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून. पुढचा प्रयत्न म्हणजे ‘सेंटिनल’. तोही कंत्राटदाराकडे रखडला. २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःकडे घेतलं, लहान टीम, दोन आठवड्यांचे स्प्रिंट, आणि जुलै २०१२ मध्ये सिस्टिम सर्वांसाठी सुरू झाली. अजाइलवाले ही गोष्ट फार रंगवून सांगतात. मी थोडा हात राखून सांगेन, कारण त्या छोट्या टीमला आधीच्या कंत्राटदाराचं काम आणि वर्षानुवर्षं घासून तयार झालेल्या रिक्वायरमेंट आयत्या मिळाल्या होत्या. कागद आधीच्यांनी केला, चाकं यांनी लावली.

आता तुमची सिस्टिम. एकाच पद्धतीत ती कोंबायचा हट्ट सोडा. तिच्यात किमान चार वेगळ्या स्वभावाची कामं आहेत.

स्क्रीनचं सोपं आहे. छोटे स्प्रिंट, आणि डेमो मॅनेजरऐवजी प्रत्यक्ष टेक्निशियनला. चुकलं तर दोन दिवसांत बदलता येतं. यावर जास्त बोलायला नको.

मशीनसाठी एक धागा आरपार ओवा. एक नमुना, एकच तपासणी, एक खरं मशीन, एक रिपोर्ट, सुरुवातीपासून डॉक्टरांच्या हातात पडेपर्यंत. दिसायला ओबडधोबड चालेल. तुम्ही आतापर्यंत सगळी नोंदणी, मग सगळे निकाल, मग सगळे रिपोर्ट, असे आडवे थर रचत आलात असा माझा अंदाज आहे. थर कितीही सुबक असले तरी ते जुळतात की नाही हे शेवटचा थर बसेपर्यंत कळत नाही. मशीन रोज मिळणार नसेल तर जेव्हा मिळेल तेव्हा त्याचे खरे संदेश जसेच्या तसे साठवून घ्या आणि रोज रात्री आपोआप ते सिस्टिमला पुन्हा ऐकवा. खोट्या नमुन्यांवर लिहिलेली टेस्ट आपल्याच समजुतीची परीक्षा घेते, मशीनची नाही.

तिसरं काम निकालांचे नियम, आणि इथे मी पूर्णपणे आर्किटेक्टांच्या बाजूचा. एकक, संदर्भ-मर्यादा, धोक्याची पातळी. रक्तातलं ग्लुकोज एका मशीनकडून मिलिमोल प्रति लिटरमध्ये आलं आणि रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर साधारण १८ ने गुणायचं, ५.५ चे ९९ होतात. क्रिएटिनिनला हा १८ चालत नाही. तिथे मायक्रोमोलमध्ये नेताना ८८.४ लागतो. वय आणि लिंगानुसार मर्यादा बदलतात. इथली चूक स्क्रीनवर नीटनेटकी दिसते आणि दोन स्प्रिंटांनंतरच्या डेमोतही कोणाला खटकत नाही, कारण आकडा आकड्यासारखाच दिसतो. म्हणून हे आधी लिहा, तक्त्यात, लॅबच्या डॉक्टरांना शेजारी बसवून, आणि त्यांची सही घ्या. मग तोच तक्ता जसाच्या तसा ऑटोमेटेड टेस्टमध्ये उतरवा, म्हणजे कागद आणि कोड यांची फारकत झाली की त्याच रात्री कळेल. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठी आयईसी ६२३०४ नावाचं मानक आहे. ते तुम्हाला लागू होतं का, हे तुमच्याकडे नियमांचं बघणाऱ्यांना विचारा. लागू नसलं तरी त्यातली एक कल्पना उसनी घ्या. चुकीमुळे इजा किती गंभीर होऊ शकते यावरून ते सॉफ्टवेअरचे अ, ब, क असे वर्ग पाडतं, आणि वर्गाप्रमाणे पुराव्याची शिस्त वाढवतं. वॉटरफॉलच वापरा, असा आग्रह त्यात नाही. हे आर्किटेक्टांना सांगा, मात्र चारचौघांत नको.

चौथं, आठ वर्षांच्या नोंदी. माझी झोप उडवणारं काम हे आहे. बॅरी बोहम यांनी १९८० च्या दशकात जे स्पायरल मॉडेल मांडलं त्याचं सार मला एवढंच उरलंय, की प्रत्येक फेरीत सगळ्यात जोखमीच्या गोष्टीला आधी हात घाला. सोपी कार्डं हलवत राहिलं की बोर्ड छान दिसतो आणि जोखीम शेवटच्या महिन्यात जाऊन बसते. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती मुख्यतः एकाच झटक्यात नव्या प्रणालीवर नेली. माहिती पोहोचली, पण प्रणालीच कोलमडली, लाखो लोकांना आपलंच खातं उघडेना. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४.८६ कोटी पौंडांहून जास्त दंड केला. तुमची लॅब त्या मानाने लहान आहे, पण रचना तीच. जुनं बंद, नवं सुरू, मध्ये एक रात्र. या महिन्यातच पूर्ण नोंदींच्या प्रतीवर पहिली तालीम घ्या. किती तास लागले, किती नोंदी नाकारल्या गेल्या, कोणत्या कारणाने, एवढं लिहून ठेवा. आकडे लाजिरवाणे येतील, येऊ देत. मग दर महिन्याला एक तालीम. आणि ऐनवेळी फसलं तर जुन्या सिस्टिमवर परत कसं जायचं, हे एकदा प्रत्यक्ष करून पाहा. ते नुसतं कागदावर असेल तर नसल्यातच जमा.

कानबान, म्हणजे ठरलेल्या स्प्रिंटऐवजी काम येईल तसं घेत जाण्याची पद्धत, तुम्ही विचारलं नाहीत, पण सिस्टिम सुरू झाल्यावर लागेल. तेव्हा तक्रारी स्प्रिंटची वाट पाहून येत नाहीत. आजही त्यातली एक गोष्ट घ्या, हातात एका वेळी किती काम, याची मर्यादा. हिशेब सोपा आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. टीम आठवड्याला सहा कार्डं संपवत असेल आणि उघडी तीस असतील, तर एक कार्ड सरासरी पाच आठवडे रेंगाळणार, स्प्रिंट कितीही आठवड्यांचा असो. तुमच्या बोर्डावर ‘टेस्टिंगमध्ये’ या रकान्यात आत्ता किती कार्डं आहेत, मोजा बरं.

राहिला करार. रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली, म्हणजे हलवता येतो तो फक्त आवाका. मॅनेजर घाबरून माणसं वाढवायला निघतील, तर थांबवा. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं ओतली की आणखी उशीर होतो, हे फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये लिहिलं. आयबीएमची प्रचंड ऑपरेटिंग सिस्टिम बांधताना हात पोळलेला माणूस तो. त्याऐवजी लॅबसोबत बसून पहिल्या दिवशी कोणत्या तपासण्या चालल्याच पाहिजेत ती यादी करा. कुठल्याही लॅबमध्ये रोजच्या नमुन्यांचा मोठा भाग थोड्याच तपासण्यांवर जातो. महिन्यातून दोनदा होणारी दुर्मीळ तपासणी महिनाभर हाताने टाइप करावी लागली तर कोणाचं बिघडत नाही. नवं काही आत येणार असेल तर तेवढ्याच आकाराचं काहीतरी बाहेर जाईल, हा नियम लेखी घ्या. क्लायंट सुरुवातीला कुरकुरेल. पण मशीन जोडल्यावर जे घडलं ते त्यांना सांगितलंत तर कदाचित तुमच्याआधी तेच यादी काढतील. सांगितलंय ना त्यांना? पत्रावरून कळत नाही.

त्या दोघांचं काय, तर बाजू घेऊ नका, कामं वाटून द्या. नियमांचा तक्ता आणि नोंदींची तालीम आर्किटेक्टांच्या नावावर. वीस वर्षांचा संशय तिथे सोन्यासारखा वापरता येईल. मॅनेजरांकडून दोन गोष्टी मिळवा, ज्या फक्त त्यांच्या हुद्द्याने मिळतील. आठवड्यातून एक दुपार खरं मशीन, आणि एक तास खरा टेक्निशियन. त्यांना वेग हवाय ना, तो तिथून येईल. स्प्रिंट दोन आठवड्यांचाच राहू द्या. फक्त प्रत्येक कार्डावर दोन तारखा लिहायला लावा, ठरवलं कधी आणि बाहेरच्या कोणीतरी पाहिलं कधी. दुसरी तारीख रिकामी असेल तर कार्ड ‘पूर्ण’च्या रकान्यात जाणार नाही. पहिल्या स्प्रिंटच्या शेवटी तो रकाना जवळजवळ ओस पडेल आणि मॅनेजर अस्वस्थ होतील. त्याची कल्पना त्यांना आधीच देऊन ठेवा.

आणि कोर्स. करा की, दोन दिवसांचं तर आहे, आणि निदान मॅनेजरांची भाषा तुम्हाला त्यांच्याइतकीच येईल. पण तारीख नोंदींच्या पहिल्या तालमीनंतरची घ्या. ते दोन दिवस आत्ता सुटे नाहीत.